दादाची चिमूट

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं म्हणणारे लोक तिला ओळखतच नव्हते. कारण लागायचं. फक्त जगात कारणांचा तुटवडा कधी पडला नाही, त्याला ती बिचारी काय करणार? खिशात शाईचं पेन तसंच ठेवून सदरा धुवायला टाकणारे लोक होते. आज सूट आणून 'कालच हवा होता हो' म्हणणारे होते. कॉलरीवरचा मळ जणू शेजाऱ्याचा आहे अशा थाटात सदरा दोन बोटांत धरून काउंटरवर टाकणारे तर ढिगाने होते. कोपऱ्यावर आत्याचं लॉन्ड्रीचं दुकान होतं, म्हणजे माणसांची ही बाजू तिला रोज दिवसाउजेडी पाहावी लागे. तिने इस्त्री केलेला सदरा भिंतीला टेकवून उभा ठेवला तरी वाकायचा नाही, आणि तिचं बोलणंही त्याच इस्त्रीखालून निघालेलं. गिऱ्हाइकं तोंडावर तिला आत्या म्हणत आणि पाठीमागे कडकआत्या. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं.

जन्मात तिने राग केला नाही असा एकच माणूस, तिचा थोरला भाऊ. दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत, ग्रीस लावलेल्या दोरांच्या शेजारी लटकत त्याची उमर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देशाटनाला जातात. याने काय केलं, तर बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी आणून ठेवली आणि तिच्यात समुद्र भरला. खारं पाणी, वर निळसर दिवा, खाली सच्छिद्र खडक आणि त्यांवर जिवंत प्रवाळं. एक मेंदूसारखं घड्याघड्यांचं होतं. एकाच्या टोकांना हातोडीच्या आकाराची बोंडं होती, ती प्रवाहाबरोबर दिवसभर डुलत. त्यांच्यामधून चारदोन रंगीत मासे घरमालकाच्या तोऱ्यात फिरायचे. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "माझ्याशी बोलले नाहीत एवढं त्या दगडांशी बोलतात!" पण पाहुणे आले की तीच आधी दिवा लावायची.

वहिनी गेली, आणि मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. कळायचं सगळं, पण बोलायला गेला की शब्द घशापर्यंत येऊन दारातून परत फिरायचे. आत्याने दुकानामागची आपली खोली बंद केली आणि त्याच्याकडे राहायला आली. कुणी तिला विचारलं नव्हतं. विचारण्याची कुणाची टाप नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत, त्यांनी सांगितलं की उजव्या हाताला काम द्या, नाहीतर तो आखडून बसेल. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. दादाने तो चेंडू असा काही बघितला की बाईच ओशाळल्या. लोखंडी चाकं फिरवलेला हात तो, चेंडूशी खेळणार होय? पण एका सकाळी त्याने माशांच्या खाण्याची डबी खुणेने मागितली आणि मांडीवर घेतली. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं उघडली, डबीत घातली, मिटली आणि हात टाकीवर नेला. निम्मं खाणं सदऱ्यावर सांडलं, उरलेलं पाण्यात पडलं. मासे धावत आले. दादा हसला, अर्ध्याच तोंडाने, पण हसला. आत्या आत जाऊन भांडी उगाचच जोरात घासू लागली, कारण रडणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

तेव्हापासून ते दादाचं काम झालं. सकाळी, दुपारी, मनात येईल तेव्हा. त्याची बोटं उघडायची तर सगळी एकदम उघडायची, त्यामुळे चिमटीतलं सगळं खाणं गोळ्याने पडायचं. मासे खातील तेवढं खायचे. बाकीचं खडकांच्या सांदीत जाऊन बसायचं.

खाऱ्या टाकीचं असं आहे, की पडलेलं खाणं आणि माशांची घाण कुजते आणि शेवटी तिचं नायट्रेट होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. समुद्र मोठा आहे, तो पचवतो. टाकीत ते साचत जातं आणि एक दिवस प्रवाळांना सोसेनासं होतं. मोजायचं तर काचेच्या बारक्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब आणि भुकटी घालायची, हलवायचं, थोडं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. फिकट गुलाबी असेल तर निवांत. लाल होत गेला तर खैर नाही. आता ते आत्या मोजायची, आणि नळीतला रंग लाल होत चालला होता. मेंदूच्या घड्या तपकिरी पडून आक्रसल्या, हातोडीची बोंडं अंग चोरून बसली, काचेवर शेवाळाची साय धरली.

दादाचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा, विमा कंपनीत होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. टाकीची तक्रार कानावर गेल्यावर तो समुद्री माशांच्या दुकानवाल्यालाच घेऊन आला. दोघं टाकीसमोर उभे राहिले. पाठीमागे खुर्चीत दादा बसला होता, त्याच्याकडे दोघांची पाठ.

"काका दिवसातून किती वेळा खाणं घालतात?" दुकानवाल्याने विचारलं. कुणाला? भाच्याला.

"सारखंच चालू असतं हो. आता बाबांना काही कळत नाही."

आत्याच्या हातात पाण्याचे ग्लास होते. तो ट्रे आपटलाच तिने. "काय कळत नाही? तुझ्या शाळेचा पहिला दिवस कोणता ते विचार, सांगता नाही आलं तरी कळेल त्याला!"

"आत्या, तसं नाही गं. मी आजाराबद्दल बोलतोय."

"माणसाकडे पाठ करून त्याच्या आजाराबद्दल बोलतात, ही कुठली रीत? हाटेलात ताटाबद्दल बोलायचं तरी ताटाकडे बघून बोलतात!"

दुकानवाला शहाणा. तो भांडणात पडला नाही, पिशवीतून यंत्र काढलं. टाकीच्या काठावर बसणारं, ठरल्या वेळी मोजून खाणं सोडणारं. भाच्याने ते बसवलं, खाण्याची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि हात झटकले. सगळं दादाच्या डोळ्यांदेखत झालं. दादाला कुणी काही सांगितलं नाही. आत्याही त्या दिवशी घुश्शात स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

यंत्राने काम चोख केलं, हे कबूल केलं पाहिजे. नळीतला रंग उतरू लागला. भाच्याने फोनवर अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. पण पहिल्याच दुपारी दादाने डबीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात यंत्र घरघरलं आणि त्याने खाणं टाकलं. मासे यंत्राकडे गेले. दादाने हात हवेत तसाच ठेवला, मग हळूच मांडीवर आणला. संध्याकाळी त्याने खुणेने खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगितली. त्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्या इमारतीचा सांडपाण्याचा नळ. आठवडाभर तो माणूस त्या नळाकडे बघत बसला. पुढच्या खेपेला व्यायामाच्या बाई त्याची बोटं सरळ करू लागल्या तर ती आकड्यासारखी परत वळली. "हात पुन्हा आखडतोय," त्या म्हणाल्या.

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिने ते यंत्र उपटलं, दुकानात नेलं आणि गिऱ्हाइकांनी विसरलेल्या वस्तूंच्या खणात, मोज्यांच्या एकेकट्या नगांमध्ये फेकलं. डबी फळीवरून काढून दादाच्या मांडीवर ठेवली आणि त्याची खुर्ची टाकीकडे फिरवली. मग भाच्याला फोन लावला.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आजारी आहे टाकी, आणि हात बांधलेत माझ्या भावाचे!"

"आत्या, खाणं कमी केल्याशिवाय नायट्रेट उतरत नाही. साधं गणित आहे."

"गणित मला नको शिकवूस. जन्मभर लोकांचे डाग काढतेय मी. एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, की बाबा रे, सदऱ्यावर आमटी सांडते तर तू जेवूच नकोस. सांडायचं तिथे सांडू दे. काढायचं कसं ते माझं मी बघते."

बोलणं सोपं असतं. करून दाखवायचं ठरवलं की कंबर सांगते किती अवघड आहे ते. गाळलेल्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, खारेपणा जुळवायचा, उष्णता जुळवायची, जुनं पाणी उपसायचं, नवं भरायचं. टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी होती, तिच्या तळाचा काळा गाळ नळीने ओढून काढायचा. त्याच टाकीत दिव्याखाली हिरव्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढत होतं. ते नायट्रेटवर पोसतं, आणि मूठभर उपटून फेकलं की तेवढं नायट्रेट घराबाहेर जातं. आत्याला हा प्रकार फार आवडला. खाऊन माजायचं आणि माजलं की बाहेर, असा नियम माणसांना का नाही, असं ती शेवाळ उपटताना पुटपुटायची. दुकान सांभाळून, बादल्या वाहून तिच्या हातांना मिठाच्या भेगा पडल्या. पण रंग थोडा थोडा उतरत होता, आणि दादा पुन्हा डबीत बोटं घालत होता.

एवढं बरं चाललं असताना तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही अशा विषयात, की जो तिचा हातखंडा. पाणी टाकीतून खाली येतं ते एका कापडी पिशवीतून गाळून. ती पिशवी मळली की धुवायची. धुणं! लॉन्ड्रीवालीला धुणं काय शिकवायचं? तिने साऱ्या पिशव्या दुकानात नेल्या, गिऱ्हाइकाच्या चादरींबरोबर मोठ्या मशीनमध्ये टाकल्या, आणि चादरींना शेवटी कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी मिळालं तसं पिशव्यांनाही मिळालं. पिशव्या बाळाच्या दुपट्यासारख्या मऊ होऊन आल्या. तिने कौतुकाने एक जागेवर लावली.

टाकीखाली स्किमर नावाचं एक नळकांडं असतं. ते पाण्यात हवा घुसळतं आणि घाण फेसाबरोबर वर काढतं. पिशवीतलं सुगंधी पाणी उतरल्याबरोबर ते पिसाळलं. फेस कपाटाच्या दारातून बाहेर आला, फरशीवर पसरला, सोफ्याखाली शिरला. घरभर गुलाबाचा वास सुटला. वर टाकीत एकूण एक प्रवाळ मिटलं आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. आत्या फडकी घेऊन फेसाशी झोंबत होती. दादा खुर्चीच्या हातावर डावा हात आपटत होता, घशातून आवाज काढत होता, भिंतीकडे बोट दाखवत होता.

"तू नको त्रास करून घेऊस दादा! मी आहे ना! तू शांत बस!"

तो आणखी जोरात आपटू लागला. तिला वाटलं, घाबरला. तिने त्याची खुर्ची ढकलत आतल्या खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. परत आल्यावर बऱ्याच वेळाने तिचं लक्ष भिंतीवरच्या स्किमरच्या बटणाकडे गेलं, आणि तिने ते बंद केलं.

भाचा संध्याकाळी आला तेव्हा फरशी अजून निसरडी होती. तो घसरता घसरता वाचला, आणि त्या घसरण्याने त्याचा उरलासुरला संयम संपला.

"बास आता. तुझं दुकान, बाबा आणि वर हा समुद्र, तिन्ही तुला झेपणार नाही. रविवारी दुकानवाले खोकी घेऊन येतील. तोवर रंग कार्डाच्या फिकट टोकाला आला असेल तर टाकी राहील. नाहीतर मासे, प्रवाळं, सगळं त्यांच्याकडे जाईल. निदान जगेल तरी."

आत्याला तोंडावर आलेलं बोलता येईना, कारण त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि गुलाबाचा वास तिच्याच दुकानातला होता. दुसऱ्यावर राग काढता आला नाही की ती काहीतरी घासायला घेई. त्या रात्री तिने फरशी पहाटेपर्यंत घासली.

मग रविवारपर्यंत तिने पाणी बदललं, बदललं आणि बदललं. पिशव्या नुसत्या उकळत्या पाण्यात खळबळून उन्हात वाळवल्या. मासे सावरले. मेंदू थोडा फुगला. हातोडीने एकदोन बोंडं बाहेर काढून अंदाज घेतला.

रविवारी सकाळी तिने नळीत पाणी घेतलं, थेंब घातले, भुकटी घातली, हलवलं. खोलीत चांगला उजेड होता तो दादाच्या खुर्चीपाशी, म्हणून नळी आणि कार्ड तिथल्या स्टुलावर ठेवलं आणि रंग चढेपर्यंत ती न्हाणीघरात भरत ठेवलेली बादली बंद करायला गेली. परत आली तर नळी स्टुलावर नव्हती.

दादाने ती डाव्या हातात घेतली होती. गुडघ्यावर कार्ड. तो नळी कार्डावर टेकवून एका रंगावरून दुसऱ्या रंगावर सरकवत होता. फिकटावर ठेवली, नाही. पुढे. पुढे. एका रंगावर थांबला, आणि नळी उचलून पुन्हा तिथेच टेकवली. रंग आधीच्यापेक्षा उतरलेला होता, पण फिकट टोकापासून बराच दूर होता. आजारी पडल्यापासून ही नळी त्याच्यासमोर कुणी धरली नव्हती. हा माणूस, ज्याने या घरात पहिल्यांदा तो रंग जुळवला, त्याला महिनोन्‌महिने कुणी रंगच दाखवला नव्हता.

त्याने मांडीवरच्या डबीकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग बहिणीकडे. ओठ हलले, घशाशी काहीतरी अडकलं, पुन्हा हललं आणि बाहेर आलं.

"मी?"

"छे रे," आत्या लगेच म्हणाली, "तू कशाला, टाकीच जुनी झालीये, आणि ते मीठ..."

दादा तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी तिने काच फोडून आळ मांजरावर घातला होता, तेव्हा बघत होता तसा.

आत्या स्टुलावर बसली. फेसाच्या दिवशी तो बटणाकडे बोट दाखवत होता, हे तिला आत्ता कळलं. आणि तिने त्याला दाराआड नेऊन ठेवलं होतं. भाचा म्हणाला, त्याला कळत नाही. ती धरून चालली, त्याला सोसणार नाही. साऱ्या जगाशी भांडली ती त्याच्यासाठी, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही! दुकानवाल्याची पाठ दिसली होती तिला, भाच्याची दिसली होती. स्वतःची पाठ कुणाला दिसते? तिला संताप आला, आणि या खेपेला तो कुणावर काढायचा हे शोधायला लागलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तूच. तुझी बोटं एकदम उघडतात ना, मग खाणं गोळ्याने पडतं आणि कुजतं. आणि मी गाढवासारख्या त्या पिशव्या सुगंधी पाण्यात घातल्या. रंग आला नाही खाली. आज ते लोक टाकी न्यायला येणार आहेत. तुला कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही."

दादाने ऐकून घेतलं. रडला नाही, चिडला नाही. नळी तिच्या हातात दिली आणि डबी उघडली. डाव्या हाताने उजवी बोटं उघडून आत घातली, मिटली, वर काढली. चिमूट भली मोठी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हात पुन्हा डबीवर नेला, बोटं सैल केली, सगळं आत पडलं. पुन्हा उचललं. पुन्हा जास्त. पुन्हा टाकलं. त्याच्या कपाळावर घाम आला. आत्याचे हात मदतीला शिवशिवत होते, तिने ते मांडीखाली दाबून ठेवले. मासे काचेशी येऊन ताटकळत होते.

दाराची घंटा वाजली. आत्या उठली नाही. दुसऱ्यांदा वाजली, मग बाहेरून भाच्याचा आवाज आला, "आत्या! दुकानवाले आलेत. दार उघड ना, काय चाललंय?"

"थांबा. दादा माशांना खाणं घालतोय."

"अगं, आता आणखी कशाला? थांबव बाबांना!"

तेव्हा ती उठली. दार सताड उघडलं. भाचा उभा होता, मागे खोक्यांच्या आडून दुकानवाला. आत्याने भाच्याचा दंड धरला, त्याला खोलीत आणलं आणि दादाच्या समोरच्या स्टुलावर बसवलं, बापाचा चेहरा अगदी समोर येईल असं.

"मला नको सांगूस. याला सांग. टाकी याची आहे, हात याचा आहे आणि रंग याने बघितलाय. काय न्यायचं, काय ठेवायचं, कशासाठी, सगळं याच्याकडे बघून बोल. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर बसून राहायचं."

भाच्याने स्टूल थोडं पुढे ओढलं. बापाशी काय आणि कुठून बोलायला सुरुवात करायची, हे त्याला आठवेना. दादाने बोटांतली एवढीशी चिमूट पाण्यावर सोडली, हात पुसला आणि मुलाच्या बोलण्याची वाट बघू लागला.